जागचा दगड

गावाच्या कडेचा तो बुरूज पूर्वी इतका उंच होता, की वर निघालेले कावळे अर्ध्यावर बसून दम खात. निदान असं म्हणतात. पुढे बुरूज बसत गेला. बसत गेला म्हणजे काय, तर गावानंच तो गरजेप्रमाणे उचलून नेला. एक दगड कुणाच्या पायरीला, एक धुणं आपटायला, एक दाराला टेकू म्हणून. न्हाव्याच्या खुर्चीखाली एक होता, शाळेच्या घंटेखाली दोन. एका म्हाताऱ्यानं म्हणे उशाला घेतला होता आणि त्याला रोज लढाईची स्वप्नं पडत. सकाळी बायको विचारायची, आज तरी जिंकलात का. शंभर वर्षांत बुरूज उरला कंबरेएवढा. त्याला लागून असलेला तट तर असा गायब झाला, की तो कुठून कुठे जात होता हेही कुणाला सांगता येईना.

बाइंडरच्या दुकानातही असा एक दगड होता. काळा, चौकोनी, वरून आरशासारखा गुळगुळीत. छापलेले कागद घड्या घालून त्यावर ठेवायचे आणि हातोड्यानं कुटायचे. घड्या अशा बसत, की पुस्तकाला श्वास घ्यायला जागा राहत नसे. बाइंडरच्या वडिलांनी तो हातगाडीवरून आणला तेव्हा बाइंडर बारा वर्षांचा होता आणि धाकटा भाऊ नऊचा. दुकानासमोर गाडी कलंडली, दगड धाकट्याच्या पायावर आला, आणि त्याच्या अंगठ्याचं नख जे वाकडं झालं ते कायमचं. पंचेचाळीस वर्षं कुटून कुटून दगड जमिनीत वीतभर रुतला. दुकानाची फरशी तीनदा बदलली, तीही त्याच्या कडेकडेनं. आता बघणाऱ्याला वाटावं, आधी दगड होता आणि मग कुणीतरी त्याच्यावर दुकान पांघरलं.

बाइंडर माणूस गप्पिष्ट, पण एका बाबतीत कडक. तो वाचत नसे. वाचता येत नव्हतं असं नाही. वडिलांची शिकवण होती, "आपण शिवायचं, वाचायचं गिऱ्हाइकानं. ज्या बाइंडरला वाचायची चटक लागते त्याची पानं मागंपुढं होतात, आणि ज्याला लोकांचे कागद वाचायची चटक लागते त्याच्याकडे कागद येत नाहीत." म्हणूनच तर कोर्टाचे, कचेरीचे, दवाखान्याचे कागद डोळे झाकून त्याच्याकडे यायचे. तो पानांचे आकडे बघायचा, उलटंसुलटं बघायचा, की झालं. भांडणं, वाटण्या, मृत्युपत्रं, सगळं त्याच्या दाभणाखालून गेलं आणि त्याला गंधही नाही. बायको म्हणायची, "अख्ख्या गावाची पोटं यांनी शिवली, पण कुणाच्या पोटात काय आहे ते विचाराल तर शून्य."

धाकटा भाऊ भूमापन कचेरीत मोजणीदार होता. जमिनी मोजता मोजता त्याचं सगळंच मोजून व्हायला लागलं होतं. बोलणं मोजून, हसणं मोजून, चहात साखर तर दाणे मोजून. गाव त्याला फूटपट्टी म्हणे. बुरुजाच्या पश्चिमेला बाइंडरचं दुकान आणि वर राहायच्या दोन खोल्या. पूर्वेला फूटपट्टीची जागा, तिथं त्याचं नवं घर जोत्यापर्यंत आलेलं. मधे बुरूज. रोज सकाळी दोघे भाऊ आपापल्या बाजूनं येऊन बुरुजावर चहाचे कप ठेवायचे आणि पलीकडच्याशी बोलायचे. बुरूज कंबरेएवढा उरल्याचा तेवढाच एक फायदा.

मग सरकारला बुरूज आठवला. तो संरक्षित वास्तू झाला. त्याला तारेचं कुंपण आलं आणि एक पाटी आली. पाटीवर इतकं लिहायचं होतं, की ती बुरुजापेक्षा उंच करावी लागली. पाठोपाठ नोटीस निघाली. बुरूज हा तटाचा शेवटचा कोपरा. तिथून तट एक तर पूर्वेला वळला असणार, नाही तर पश्चिमेला. ज्या बाजूला तटाच्या पायाचा दगड सापडेल ती बाजू वास्तूच्या हद्दीत धरायची आणि तिथली जागा संपादित करायची. म्हणजे सरळ सांगायचं तर, एका भावाची जागा जाणार आणि एकाची राहणार, आणि कुणाची ते एक दगड ठरवणार.

कुंपणामुळे चहा बंद झाला. एके दिवशी दुपारी फूटपट्टी वळसा घालून दुकानातच आला. वर्षभरात पहिल्यांदा.

"दादा, तुझा हा दगड."

"त्याला काय झालं?"

"त्याला काय होतंय. तुला होईल." त्यानं खिशातून एक पातळ पुस्तिका काढली. बाइंडरनं ती लगेच ओळखली. मजकुरावरून नव्हे, शिलाईवरून. नव्या कायद्याच्या दोनशे प्रती त्यानंच शिवून दिल्या होत्या.

"ऐक. कलम सात. संरक्षित वास्तूचा दगड जो हलवेल, किंवा हलवलेला दगड जवळ बाळगेल, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद."

"अरे, मग सगळं गावच आत जाईल. शाळाही जाईल. घंटा कोण वाजवणार?"

"शाळेला कोण धरतंय. पाहणीला बाई येणार आहेत, त्या पश्चिमेकडून सुरुवात करणार. पहिलं दुकान तुझं. आणि हे धूड तू लपवणार कुठं, वहिनीच्या पेटीत?"

"बाबांनी आणलाय. त्यांना पकडा म्हणावं."

"त्यांना पकडायला सरकारला फार लांब जावं लागेल." फूटपट्टी हळूच स्टुलावर बसला. "आणि गाडी मागून कोण ढकलत होतं? मी. नोकरीची चार वर्षं राहिलीत माझी, दादा. चोरीच्या दगडात माझं नाव आलं तर पेन्शनसुद्धा जाईल."

बाइंडरनं हातोडा खाली ठेवला. धाकट्याच्या अंगठ्याला वडिलांनी कापडाची पट्टी आणि खळ लावून बांधलं होतं ते त्याला आठवलं. दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून पुस्तकासारखा बांधला होता अंगठा.

"मग काय सांगू?"

"सांग, जागचा आहे. कधी हललाच नाही. जागच्या दगडाला कैद नाही."

"एवढंच?"

"एवढंच. जागचा. एक शब्द. त्याला तुझं पुराण जोडू नकोस."

पुस्तिका बोलता बोलता दगडावरच उघडी पडली होती. कलम आठ त्याच पानावर, सातच्या खालोखाल होतं. बाइंडरनं पुस्तिका उचलली, मिटली, पाठीवरून अंगठा फिरवला, शिलाई घट्ट आहे एवढं पाहिलं, आणि भावाला परत दिली.

पाहणीच्या बाई आठवड्यानं आल्या. तरुण होत्या, गुडघ्यांना माती लागलेली, गळ्यात भिंग. दगड बघून त्या अशा थांबल्या, जसं गर्दीत कुणी ओळखीचं दिसावं.

"काका, हा कुठून आणलात?"

"आणला नाही बाई. जागचा आहे."

एका शब्दावर थांबला असता तर तो बाइंडर कसला. "आमच्या आजोबांनी दुकानाला जागा बघितली तेव्हा इथं काहीच नव्हतं, नुसता हा. त्यांनी पहार लावली, पहार वाकली. दोन बैल जुंपले. बैलांनी मागं वळून आजोबांकडे असं बघितलं, की आजोबांनाच लाज वाटली. मग म्हणाले, जाऊ दे, हा हलत नाही तर आपण याच्याभोवती राहू."

आजोबांनी खरं तर हे गाव कधी पाहिलंही नव्हतं.

बाईंनी पालथं पडून दगडाच्या कडा ब्रशनं झाडल्या, फरशीचे थर मोजले, आणि जबाब लिहिला. कागद पुढे केला. "वाचून घ्या आणि सही करा."

"मी वाचत नाही. सही करतो."

"वाचा हो काका. आठवं कलम माहीत आहे ना तुम्हाला?"

"सगळी कलमं माझ्या हाताखालून गेलीत."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. बाई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी पेन दिलं. संध्याकाळी बाइंडरनं कुंपणापाशी जाऊन भावाला हाक मारली आणि बैलांसकट सगळं सांगितलं. फूटपट्टी म्हणाला, "छान झालं." मोजून दोन शब्द.

महिन्यानं नोटीस आली ती बायकोनं वाचली. घरात वाचायचं खातं तिच्याकडेच होतं. ती जिन्याच्या पायरीवर बसली, एकदा मनात वाचली, मग मोठ्यानं.

"कलम आठ. जेथे मूळ पायाचा दगड जागच्या जागी आढळेल, तेथपर्यंत वास्तूची हद्द धरली जाईल आणि हद्दीतील जागा संपादित केली जाईल. सबब पश्चिमेकडील दुकान व राहत्या खोल्या... " ती थांबली. "पूर्वेकडील जागा वगळण्यात येत आहे."

"परत वाच."

"परत वाचून बदलणार आहे का? तुमचा जबाब जोडलाय. बैलसुद्धा आहेत त्यात."

बाइंडर दगडावर बसला. बदली जागा मिळणार होती, गावाबाहेर, मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, जिथं कागद घेऊन कुणी चालत येणार नव्हतं. "त्यालाही आठवं माहीत नसेल," तो म्हणाला.

"मोजणीदाराला?"

"योगायोग असतो एखाद्या वेळी."

"तुमचा भाऊ चहात साखरेचा योगायोग होऊ देत नाही," बायको म्हणाली आणि नोटीस घडी घालून त्याच्या हातात ठेवली. घडी वाकडी होती. त्यानं ती सवयीनं उलगडून सरळ केली.

हरकत घ्यायला तीस दिवस होते. बाइंडरनं ठरवलं, खरं सांगायचं. कैद तर कैद. तुरुंगातही रजिस्टरं असतील, ती कुणीतरी शिवत असेलच. त्यानं भावाला आधी जाऊन सांगितलं. "तुझं नाव मी घेणार नव्हतो, पण साक्षीदार तूच उरलायस. नऊ वर्षांच्या पोराला काही होत नाही, मी वकिलाला विचारलंय. तू फक्त खरं सांग."

"बघू," फूटपट्टी म्हणाला.

सुनावणी कचेरीच्या मागच्या खोलीत झाली. लांब टेबल, एका पायाखाली कागदाची घडी, कोपऱ्यात बंद पडलेला पंखा. टेबलापलीकडे त्याच बाई. समोर दोन खुर्च्या, दोन भाऊ.

"तुम्ही लेखी दिलंय, दगड जागचा आहे," बाई म्हणाल्या.

"खोटं बोललो. बाबांनी हातगाडीवरून आणला. मला शिक्षा करा, पण दुकानाखाली तट नाही. दुकानाखाली माती आहे आणि तिच्याखालीही मातीच आहे."

"आजोबा? बैल?"

"बैलही मीच लावले."

बाईंच्या ओठांच्या कडा हलल्या, पण त्यांनी आवरलं. "काका, जागा जायची वेळ आली की सगळ्यांचेच दगड हलतात. मी कशावरून मानू?"

"हा माझा भाऊ. गाडी मागून हाच ढकलत होता. दगड याच्या पायावर आला. याला बूट काढायला सांगा, डाव्या अंगठ्याचं नख बघा."

सगळ्यांनी, म्हणजे बाईंनी, कारकुनानं आणि दारातल्या शिपायानं, फूटपट्टीच्या बुटाकडे पाहिलं. फूटपट्टीनं पाय खुर्चीखाली घेतले.

"नख वाकडं आहे," तो म्हणाला. "पायावर सायकल पडली होती. दगडाचं मला काही आठवत नाही. मला कळायला लागलं तेव्हापासून तो तिथंच बघतोय."

"सायकल," बाइंडर म्हणाला. "आपल्याकडे सायकल कधी होती रे?"

"शेजाऱ्यांची."

"कुठल्या शेजाऱ्यांची? त्या बाजूला बुरूज होता आणि या बाजूला विहीर."

फूटपट्टीनं बाईंकडे पाहिलं, भावाकडे नाही. "माझं म्हणणं एवढंच आहे." कारकुनानं लिहिलं, सायकल.

हरकत फेटाळली गेली. बाहेर पायऱ्यांवर बायको थांबली होती. तिनं त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं आणि त्याच्याबरोबर चालू लागली. अर्ध्या वाटेत बाइंडरच म्हणाला, "घाबरला तो. पेन्शन जाईल या भीतीनं बोलला. मनातून वाईट नाही." ती म्हणाली, "बरं." त्या बरंमध्ये कचेरीतल्या कागदांची एक अख्खी नस्ती मावली असती.

पुढच्या आठवड्यात फूटपट्टी दोन्ही हातांनी कागदांचा गठ्ठा घेऊन आला. संपादनाचं सगळं प्रकरण, अर्जापासून शेवटच्या आदेशापर्यंत, एकशे बारा पानं. कायमची जपून ठेवायची नस्ती. कापडी पाठ, जाड पुठ्ठा. कचेरीची बांधणी याच दुकानात होते, आणि दुकान खाली करायला अजून बारा दिवस होते.

"माझ्याकडेच आणलीस?" बाइंडर म्हणाला.

"मग कुणाकडे नेणार. एकदा शिवली की उसवता येत नाही, वरच्या साहेबांचा हुकूम लागतो. म्हणून नीट शीव."

"काय काय आहे यात?"

"तू थोडाच वाचणार आहेस," फूटपट्टी म्हणाला आणि हसला. मोजून नव्हे, मोकळं, लहानपणच्यासारखं. बाइंडरलाही त्यामुळे बरं वाटलं. भाऊ हसतोय म्हणजे निवळतंय, असं त्याला वाटलं.

त्यानं गठ्ठा दगडावर घेतला आणि आकडे बघत पानं लावू लागला. एक, दोन. तीन नंबरचं पान हातानं लिहिलेलं होतं. ओळी अशा सरळ, जशा पट्टी ठेवून लिहाव्यात. कारण त्या पट्टी ठेवूनच लिहिल्या होत्या. अक्षर ओळखीचं म्हणून नजर आकड्यावरून खाली घसरली. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा घसरली, आणि खाली पोहोचेपर्यंत थांबली नाही.

अर्ज होता. खाली फूटपट्टीची सही. पूर्वेकडील माझी जागा वगळावी. पश्चिमेकडील दुकानात तटाचा मूळ दगड आहे, तरी पाहणी पश्चिमेकडून सुरू करण्यात यावी. आणि शेवटची ओळ: सदर दगड जागचा असल्याचे माझे ज्येष्ठ बंधू स्वतःच जबाबात सांगतील.

सांगतील. बाइंडरनं तो शब्द बोटाखाली धरला. ज्या दिवशी हे लिहिलं त्या दिवशी बाइंडरला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याचा जबाब त्याच्या आधीच ठरला होता, पट्टी ठेवून. आणि ही नस्ती त्याच्याचकडे आली होती ती विश्वासानं. हा माणूस वाचणार नाही, या विश्वासानं. गावात दुसऱ्या कुणावर कुणी एवढा विश्वास टाकला नसेल.

"वाचलं," तो वर जाऊन बायकोला म्हणाला.

ती कपड्यांची गाठोडी बांधत होती. हातातली गाठ तशीच राहिली. "तुम्ही?"

"तीन नंबरचं."

त्यानं सांगितलं. तिनं गाठ करकचून आवळली. मग म्हणाली, "घेऊन जा त्या बाईंकडे."

"त्यांच्याकडेच आलेला अर्ज आहे तो. अर्ज कुणीही करू शकतो. दगड त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितला आणि जागचा मी म्हणालो."

"मग फाडा."

"पान फाडायचं नसतं." तो उंबऱ्यात टेकला. "त्यानं मला चोर ठरवलं असतं ना, तरी चाललं असतं. त्यानं मला ओळखलं. मी कुठं थांबेन, काय सोडीन, सगळं मोजलं."

मग तो खाली गेला आणि त्यानं नस्ती शिवायला घेतली. दाभण, मेणाचा दोरा, कापडाची पट्टी. पुस्तक कुठं उघडावं हे वाचणारा ठरवतो असं लोकांना वाटतं. ते बाइंडर ठरवतो. एका पानापाशी दोरा केसभर सैल ठेवायचा, त्या पानाची घडी दगडावर दोनदा जास्त कुटायची, पाठीला आतून नखानं एक रेघ द्यायची. बाहेरून बघाल तर काही नाही. पण मग त्या पुस्तकाला दुसरीकडे उघडणं जमतच नाही. असलं काम म्हणजे धंद्यातली चूक, आणि ती त्यानं आयुष्यात कधी केली नव्हती. या वेळी त्यानं ती फार निगुतीनं केली. शिकंज्यात दाबून, दोन दिवस वाळवून.

फूटपट्टी तिसऱ्या दिवशी आला तेव्हा दुकान निम्मं रिकामं होतं. पुठ्ठे गेले होते, कपाटं भिंतीपासून सुटली होती. दगड तेवढा होता तसा होता. त्याला हलवणं आता खरोखरच गुन्हा झालं होतं. नस्ती त्याच्यावर ठेवलेली होती.

"सुरेख झालीय," फूटपट्टी म्हणाला आणि पहिलं पान बघायला त्यानं पुठ्ठा उचलला. नस्ती घरंगळल्यासारखी तिसऱ्या पानावर गेली. त्यानं मिटली. मागून उघडली. एकशे नऊ पानं सळसळत उलटली आणि तिसरं वर आलं.

"हे असं का उघडतंय, दादा?"

"पुस्तकांना सवय असते."

"नवीन आहे ही."

"काही सवयी उपजत असतात."

फूटपट्टीनं तळहातानं नस्ती दाबून धरली, बराच वेळ, आणि सोडली. पुठ्ठा आपोआप हलला. त्याच्या सरळ ओळी वर बघत राहिल्या.

"तू वाचलंस," तो म्हणाला.

"आकडा बघावा लागतो रे. आकड्याखालीच होतं."

"उसव आणि परत शीव."

"वरच्या साहेबांचा हुकूम आण. का हवाय ते लिहून दे, पट्टी ठेवून."

फूटपट्टीनं पुठ्ठा पुन्हा मिटला. त्याला बहुतेक सगळं मोजता आलं असेल. ही नस्ती किती साहेबांच्या टेबलावर जाईल, किती कारकून ती उघडतील, आपली चार वर्षं आणि त्याच्या पुढची किती. "माझं घर जोत्यापर्यंत आलं होतं," तो म्हणाला. "मी काय करायला हवं होतं?"

"मला विचारायला हवं होतंस," बाइंडर म्हणाला. "मी दिलं असतं रे. तुझ्यासाठी मी जागचा म्हणालो तेव्हा मला आठवं कलम ठाऊक असतं, तरी बहुतेक म्हणालोच असतो. तू विचारलंच नाहीस."

हे खरं होतं की त्याच्या बैलांसारखं होतं, हे त्यालाही धड सांगता आलं नसतं. फूटपट्टीला मात्र ते खरं वाटलं, आणि त्याचा चेहरा पडला. त्यानं पोचवहीत सही केली, नस्ती बगलेत घट्ट धरली आणि निघाला. दारात म्हणाला, "येतो." एवढंच, मोजून एक शब्द. दादा म्हणाला नाही. बाइंडर मात्र हातोडा हातात धरून त्या दुसऱ्या शब्दाची वाट बघत, भाऊ कोपऱ्यावरून वळेपर्यंत, तसाच उभा राहिला.